भाड्याचं घर जर्मनीत: स्वयंपाकघर घ्यावं कसं, बसवावं कसं?

जामसांवली, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातली मुलं शिकायला नागपूर-पुण्याला जातात, आणि आता त्यातली काही तिथून पुढं जर्मनीची वाट धरतात. कुणी इंजिनिअर, कुणी नर्सिंग केलेली, कुणी मास्टर्स करायला गेलेलं. भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचं जर्मन सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं. त्यामुळं या लेखातला प्रश्न पुढं आणखी घरांत विचारला जाईल.

नोकरी, व्हिसा, तिकीट यांची चौकशी सगळे करतात. घराची चावी हातात आल्यावर मात्र घरी फोन येतो, "आई, घर छान आहे, पण ओटाच नाही." स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या खोलीत भिंतीतून पाण्याच्या दोन तोट्या निघालेल्या, सांडपाण्याचा एक पाइप, विजेची एक पेटी. ना सिंक, ना शेगडी, ना कपाट. घरमालकानं फसवलं, असा समज करून घेऊ नका. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी घर असंच भाड्यानं मिळतं. आधीचा भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघर उचलून नेतो आणि नव्यानं स्वतःचं आणायचं असतं. बर्लिनमध्ये निदान शेगडी आणि सिंक घरमालक देतो. पश्चिमेकडच्या अनेक शहरांत तेही नसतं.

या बाबतीत एकच सूत्र धरून चला: स्वयंपाकघर कुणाच्या मालकीचं आहे आणि घर सोडताना त्याचं काय करायचं, हे भाडेकरारावर सही करण्याआधी लेखी घ्या. कुठलं घ्यायचं, किती खर्चायचं, कुणी दुरुस्त करायचं, हे सगळं त्यावर ठरतं.

जाहिरात वाचताना आणि घर बघताना

घराच्या जाहिरातीत ई, बी, के अशी तीन अक्षरं दिसली तर बसवलेलं स्वयंपाकघर, म्हणजे 'आइनबाउक्युशे', घरात आहे असं समजा. पण ते कुणाचं, हे त्या तीन अक्षरांवरून कळत नाही. तीन शक्यता असतात:

- घरमालकाचं आणि भाड्यात धरलेलं. शेगडी किंवा फ्रिज बिघडला तर दुरुस्ती घरमालकानं करायची. नवख्या माणसाला सर्वांत सोयीचा प्रकार.
- घरमालकाचं, पण 'फुकट वापरायला' दिलेलं. करारात तसं कलम असेल तर घरमालक दुरुस्तीतून अंग काढून घेऊ शकतो. शेगडी जुनी असेल तर हे कलम तुम्हाला महागात पडेल.
- आधीच्या भाडेकरूचं. तो ते तुम्हाला विकू पाहतो. पैसे तुमचे, मालकी तुमची आणि घर सोडताना ते काढून नेण्याची जबाबदारीही तुमचीच.

घर बघायला जाल तेव्हा हे विचारा:

1. स्वयंपाकघर भाडेकरारात नोंदवलेलं आहे का? त्यातली कोणकोणती उपकरणं?
2. ते काढून माझं बसवलं तर चालेल का? (चालत असेल, तर घरमालकाचं सामान जपून ठेवून जाताना परत बसवावं लागतं.)
3. टाइल्सना भोक पाडायला परवानगी आहे का?
4. वॉशिंग मशीनची जोडणी स्वयंपाकघरात आहे, न्हाणीघरात आहे की तळघरात?
5. गरम पाणी कुठून येतं? (हा प्रश्न का, ते पुढं येईल.)

उत्तरं तोंडी घेऊन थांबू नका. "आज बोलल्याप्रमाणे" म्हणून त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवा.

चार पर्याय, आणि कुणाला कोणता

- स्वयंपाकघर असलेलंच घर. दोन वर्षांपेक्षा कमी राहायचं असेल किंवा नोकरीचा परिवीक्षाकाळ चालू असेल, तर भाडं थोडं जास्त पडलं तरी हेच बघा.
- आधीच्या भाडेकरूचं विकत घेणं. मोजमाप करायला नको, वाहतूक नको, बसवायला नको. किंमत रास्त असेल तर पैसा आणि डोकेदुखी दोन्ही वाचतात.
- जुनं बाहेरून आणणं. 'क्लाइनआन्त्साइगेन' या जाहिरातींच्या संकेतस्थळावर काही शे युरोंत अख्खं स्वयंपाकघर मिळू शकतं. पण ते सोडवणं, आणणं आणि पुन्हा बसवणं तुमच्याकडे.
- नवं घेणं. आयकेआसारख्या दुकानातून सुटे भाग आणून बसवणं किंवा 'क्युशेनश्टुडिओ', म्हणजे स्वयंपाकघरांच्या दुकानाकडून, बेतून घेणं. बेतून घेतलेल्याला हजारो युरो लागतात आणि ते यायला बरेच आठवडे लागतात. त्या घरात किमान पाच-सात वर्षं राहायचं असेल तरच तिकडं वळा.

भाड्याच्या घरात सुट्या, सरळ रांगेतल्या कपाटांना पसंती द्या. कोपऱ्याला वळणारा, त्या भिंतीसाठीच कापलेला ओटा पुढच्या घरात बसेलच असं नाही. ६० सेंटिमीटर रुंदीची कपाटं आणि सुटा फ्रिज कुठंही चालतो आणि विकतानाही पटकन जातो.

आधीच्या भाडेकरूकडून घेताना

या व्यवहारात दिल्या जाणाऱ्या रकमेला 'आब्लोझे' म्हणतात. घरांची टंचाई असलेल्या म्युनिक, फ्रँकफर्ट, स्टुटगार्टसारख्या शहरांत भाडेकरू मोडकळीस आलेल्या कपाटांचे चार-पाच हजार युरो मागतात आणि नवखा माणूस घर हातचं जाईल या भीतीनं देऊन टाकतो. इथं कायदा तुमच्या बाजूनं आहे:

- वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा फारच जास्त रक्कम ठरवली असेल, तर तो जास्तीचा भाग बेकायदा ठरतो. सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं १९९७ मध्ये यासाठी मोजपट्टी दिली: खऱ्या किमतीच्या दीडपटीवर गेलेली मागणी अवाजवी. जास्तीचे दिलेले पैसे परत मागता येतात.
- घर फक्त रिकामं करून देण्याबद्दल पैसे मागणं बेकायदा आहे. जाणाऱ्याचा सामान हलवण्याचा प्रत्यक्ष खर्च तेवढा देता येतो.
- तुमचा भाडेकरार झाला नाही, तर अशा घरातल्या वस्तूंची खरेदीही साधारणपणे लागू होत नाही. तरीही तसं वाक्य कागदावर लिहून घ्या.

पैसे देण्याआधी मूळ बिल मागा. कोणत्या साली घेतलं, उपकरणं किती जुनी, काय बिघडलंय, हे नोंदवा. शेगडीचा प्रत्येक भाग पेटवून बघा, ओव्हन गरम करून बघा, भांडी धुण्याचं यंत्र पाच मिनिटं चालवून खाली ओल येते का ते हात लावून पाहा. विक्रीचा कागद साधा असला तरी चालेल. त्यात वस्तूंची यादी, रक्कम, तारीख, दोघांची नावं आणि सह्या हव्यात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: घरमालकालाही विचारा. आधीच्या भाडेकरूचं सामान तुम्ही घेतलं की ते काढून भिंती पूर्ववत करण्याचं ओझंही तुमच्याकडे येतं. "स्वयंपाकघर जागेवर ठेवून गेलं तरी चालेल" असं घरमालकानं लिहून दिलं तर फार मोठी चिंता मिटते.

जुनं बाहेरून आणताना

- सोडवण्याआधी फोटो काढा. प्रत्येक कपाटाला चिकटपट्टी लावून आकडा टाका, त्याचे स्क्रू आणि बिजागऱ्या त्याच आकड्याच्या पिशवीत भरा. हे केलं नाही तर नव्या घरात एकेक दार जुळवता जुळवता रात्र होते.
- ओट्याची लांबी आणि सिंकचं भोक बघा. ओटा लांब असेल तर कापता येतो. आखूड असेल किंवा भोक चुकीच्या जागी असेल तर नवा आणावा लागतो.
- आगाऊ पैसे पाठवू नका. वस्तू बघून, उचलताना रोख द्या. 'मित्र आणि कुटुंब' या प्रकारानं पेपालवर पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण मिळत नाही.
- खासगी विक्रेता हमी नाकारू शकतो. जाहिरातीत तसं लिहिलं असेल तर बिघाड निघाल्यावर त्याला धरता येत नाही. त्यानं जाणूनबुजून दोष लपवला असेल, तर गोष्ट वेगळी.

भारतात परतणारी किंवा शहर बदलणारी मराठी कुटुंबं घरसामान विकतात. मोठ्या शहरांत मराठी मंडळी गणपती-दिवाळीला एकत्र येतात, त्यांच्या गटांत आधी विचारा. ओळखीचा व्यवहार असला तरी यादी आणि पावती घ्याच.

नवं घेताना

- दुकानात बसून केलेली सही मागे घेता येत नाही. ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत माघार घेण्याचा हक्क आहे, पण तुमच्या मापानं खास बनवलेल्या वस्तूला तोही नाही. "ही सूट आजच संध्याकाळपर्यंत" असं कुणी म्हणालं की कागद घेऊन घरी या.
- माप कुणी घेतलं, हे महत्त्वाचं. तुम्ही दिलेलं माप चुकलं तर भुर्दंड तुम्हाला. दुकानाचा माणूस येऊन माप घेणार असेल आणि तसं करारात असेल, तर चूक दुकानाची.
- सगळे पैसे आधी देऊ नका. बसवून देण्याचं काम सोबत असताना, बसवण्याआधीच पूर्ण रक्कम मागणारं छापील कलम सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१३ मध्ये अवैध ठरवलं आहे. दोष राहिला असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत रास्त रक्कम हाताशी ठेवा. आगाऊ रक्कमही कमीत कमी द्या. दुकान बुडालं तर ती हाती लागणं कठीण असतं.
- सामान कुठवर आणून देणार ते विचारा. 'बोर्डश्टाइनकांटे' लिहिलं असेल तर गाडी फुटपाथच्या कडेला सामान उतरवून निघून जाते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेलं घर असेल तर मजल्यापर्यंतचा दर आधीच ठरवा.

माप घेताना

टेप, कागद, पेन्सिल घ्या आणि घाई करू नका. हे सगळं टिपा:

1. भिंतीची लांबी तीन उंचींवर: जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला आणि वरच्या कपाटांच्या उंचीला. जुन्या इमारतींत भिंती सरळ नसतात. सर्वांत कमी आकडा धरा.
2. खिडकीच्या खालच्या कडेची उंची. ओटा तिच्या वर गेला तर खिडकी उघडणार नाही.
3. पाण्याच्या तोट्या, सांडपाण्याचा पाइप, विजेची पेटी आणि सॉकेट यांचं कोपऱ्यापासूनचं आणि जमिनीपासूनचं अंतर.
4. हीटर किती पुढं आलाय, दार कुठल्या बाजूला उघडतं.
5. जिन्याची आणि लिफ्टच्या दाराची रुंदी. अडीच मीटर लांबीचा ओटा जिन्यात वळतो का, हे विकत घेण्याआधी बघा.

ओट्याची उंचीही मोजायची गोष्ट आहे. जर्मन ओटे साधारण ९० ते ९५ सेंटिमीटर उंच असतात. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईला त्यावर कणीक मळताना खांदे वर उचलावे लागतात आणि महिन्याभरात मान धरते. कोपर दुमडून उभ्या राहा आणि कोपराच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा येईल असं बघा. कपाटांचे पाय फिरवून उंची थोडी कमी-जास्त करता येते. तेवढ्यानं भागत नसेल तर मळण्या-लाटण्यासाठी एक बुटकं मजबूत टेबल वेगळं ठेवा.

आपल्या स्वयंपाकाला काय मानवतं

शेगडी. बहुतेक घरांत वीजच आहे. तिचे दोन प्रकार: काचेखाली तापणारी साधी सेरान शेगडी आणि इंडक्शन. सेरानवर अॅल्युमिनियमचा कुकर, सपाट बुडाची कढई, लोखंडी तवा सगळं चालतं. पण ती उशिरा तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते. उतू जाणारं दूध बटण फिरवून थांबत नाही, भांडंच उचलावं लागतं. इंडक्शन गॅससारखी लगेच ऐकते, पण लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं. घरचा साधा अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणारच नाही.

भाकरी करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: ज्वारीची भाकरी आपण तव्यावरून काढून थेट विस्तवावर फुगवतो, तिथं ज्योत नाही. सेरानवर तापलेल्या भागाच्या किंचित वर राहील अशी पायांची जाळी ठेवून भाकरी किंवा फुलका फुगतो. जाळी काचेवर घासू नका, उचलून ठेवा. ओरखडा पडला की तो कायमचा. इंडक्शनवर ही जाळी उपयोगाची नाही. तिथं जाड, सपाट बुडाचा तवा घ्या आणि फडक्यानं कडा दाबत तव्यावरच भाकरी फुगवा.

चिमणी. 'आबलुफ्ट' म्हणजे धूर बाहेर फेकणारी, 'उमलुफ्ट' म्हणजे कोळशाच्या गाळणीतून हवा परत खोलीत सोडणारी. बाहेर फेकणारीसाठी भिंतीत भोक लागतं आणि त्याला घरमालकाची परवानगी हवी, म्हणून भाड्याच्या घरात बहुधा उमलुफ्ट असते. तिची कोळशाची गाळणी रोजच्या फोडणीच्या घरात दर तीन-चार महिन्यांनी बदला, आणि तुपकट झालेली धातूची जाळी दर काही आठवड्यांनी गरम पाण्यानं धुवा.

वारा खेळवणं. वाफ भिंतीवर साठली की हिवाळ्यात काळी बुरशी धरते आणि तिच्यावरून अनामत रकमेत कपात होते. स्वयंपाक झाल्यावर खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडा. दिवसभर फट ठेवली तर भिंत गार पडते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

रंग. ओट्याच्या आणि भिंतीच्या सांध्यात भरलेलं पांढरं सिलिकॉन हळदीनं पिवळं पडतं आणि पुसून निघत नाही. राखाडी रंगाचं भरून घ्या. ओटाही पांढराशुभ्र नको.

वीज, पाणी, गॅस: स्वतः काय करू नये

- शेगडीची वीज. भिंतीतल्या त्या पेटीत बहुतेक वेळा ४०० व्होल्टची तीन फेजची जोडणी असते. ती अधिकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि पावती जपून ठेवा. स्वतः जोडलं आणि आग लागली तर जीव धोक्यात येतो, शिवाय विमा कंपनीही हात वर करू शकते.
- गॅस. काही जुन्या घरांत गॅसची पाइपलाइन आहे. ती जोडणी नोंदणीकृत कंपनीच करते. आपल्याकडची शेगडी आणि सिलिंडरची व्यवस्था तिथं चालत नाही. शेगडी बॅगेत भरूच नका.
- पाणी. नळ आणि सिंक जोडणं हौशी माणसालाही जमतं, पण नळ घेण्याआधी सिंकखाली बघा. तिथं पाणी तापवणारा छोटा साठवणीचा बॉयलर असेल तर 'नीडरड्रुक' प्रकारचा, तीन नळ्यांचा नळच लागतो. साधा नळ लावला तर दाब साठून बॉयलर फुटू शकतो.
- गळती. जोडणी झाल्यावर सांध्याभोवती कोरडा कागदी रुमाल गुंडाळून तासाभरानं बघा. ओल असेल तर लगेच दिसते. खालच्या घराच्या छतावर डाग पडला तर भरपाई तुम्हाला द्यावी लागते.

म्हणून सामान आणण्याआधी 'हाफ्टफ्लिश्ट' हा दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा घ्या आणि त्यात भाड्याच्या घराचं नुकसान धरलंय का ते तपासा. तुमच्या स्वतःच्या सामानासाठी 'हाउसराट' हा वेगळा विमा असतो.

बसवण्याच्या दिवशी

- रविवारी, सणाच्या सुट्टीला आणि रात्री १० ते सकाळी ६ ड्रिल चालवू नका. अनेक इमारतींच्या नियमपत्रात दुपारचीही शांततेची वेळ असते. जिन्यात लावलेला कागद वाचा आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी चिठ्ठी द्या.
- सॉकेटच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. तिथून तार गेलेली असते. तार शोधणारं छोटं यंत्र मिळतं, ते वापरा.
- भिंत विटेची आहे की पोकळ जिप्सम बोर्डाची, ते ठोकून बघा. पोकळ भिंतीला वेगळी गिट्टी लागते. भांड्यांनी भरलेलं कपाट निसटलं तर खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर पडतं.
- टाइल्सच्या मधोमध भोक पाडण्यापेक्षा शक्य तिथं दोन टाइल्सच्या सांध्यात पाडा. सांधा बुजवता येतो, टाइल बदलावी लागते.

तोवर जेवायचं काय?

नवं स्वयंपाकघर यायला महिना-दोन महिने लागले तर रोज बाहेरचं खाऊन पैसाही जातो आणि पोटही बिघडतं. साध्या सॉकेटवर चालणारी दोन चुलींची शेगडी, छोटा फ्रिज आणि एक टेबल एवढ्यावर खिचडी, पिठलं-भात, वरण-पोळी होतं. सिंक नसेल तर पहिल्याच आठवड्यात जुनं सिंक कपाटासकट शोधा. न्हाणीघरात भांडी घासली तर तेलकट खरकट्यानं पाइप तुंबतो आणि तो मोकळा करण्याचं बिल तुमच्याकडे येतं. तळणाचं तेल कधीच सिंकमध्ये ओतू नका. बाटलीत भरून, झाकण लावून कचऱ्यात टाका.

घरून काय न्यावं, काय नेऊ नये

इकडे आई-वडील बॅग भरत असतील, त्यांच्यासाठी:

- न्या: इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर आणि त्याच्या जास्तीच्या दोन रिंगा, सपाट लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा.
- मिक्सर न्या. जर्मनीतली वीजही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचीच आहे. फक्त प्लग वेगळा असतो. हलका प्रवासी अडॅप्टर वापरू नका. मिक्सरच्या वॅटला पुरणारा, अर्थिंग असलेला घ्या.
- नेऊ नका: तूप, खवा, पनीर. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. आपल्या बागेतली संत्रीही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. विमानतळावर काढून घेतात.

बिघाड झाला, वाद झाला, तर

- घरमालकाची शेगडी बिघडली: फोन करून थांबू नका, फोटोसह लेखी कळवा आणि दुरुस्तीसाठी रास्त मुदत द्या. बिघाड टिकला तर भाडं कमी करण्याचा हक्क मिळतो, पण किती कमी करायचं हे स्वतःच्या अंदाजानं ठरवू नका. जास्त कापलं तर थकबाकीदार ठरून घर जाऊ शकतं.
- किरकोळ दुरुस्तीचं कलम: करारात ते असेल तर एका दुरुस्तीमागे साधारण १०० ते १२० युरोंपर्यंतच तुमच्यावर येऊ शकतं, आणि वर्षाचीही मर्यादा लिहिलेली असावी लागते.
- नवं उपकरण बिघडलं: विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी दोन वर्षांची आहे. पहिल्या वर्षात दोष आधीपासून नव्हता हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. "कंपनीकडे जा" असं सांगून त्याला सुटता येत नाही.
- अनामत रक्कम: ती भाड्याच्या मूळ रकमेच्या तीनपटीहून जास्त मागता येत नाही, आणि तीन मासिक हप्त्यांत भरता येते. स्वयंपाकघराच्या खर्चाच्या महिन्यात हा हक्क जरूर वापरा.
- वंशावरून घर नाकारलं: २००६ च्या समान वागणूक कायद्यानं ते निषिद्ध आहे. दाद मागायची तर दोन महिन्यांच्या आत लेखी मागणी करावी लागते.

सल्ल्यासाठी शहरातल्या 'मीटरफेराइन' म्हणजे भाडेकरू संघाचं सभासदत्व घ्या. वर्षाची वर्गणी भरली की तिथले वकील तुमचा करार वाचून सांगतात. खरेदीतल्या वादासाठी 'फेरब्राउखरत्सेंट्राले' हे ग्राहक सल्ला केंद्र प्रत्येक राज्यात आहे.

घर सोडताना

1. घर सोडण्याची सूचना साधारणपणे तीन महिने आधी, लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या विक्रीची तयारी सुरू करा.
2. घरमालकाला विचारा: नवा भाडेकरू माझं सामान घेऊ शकेल का? तुम्ही सुचवलेलाच भाडेकरू घेण्याचं बंधन त्याच्यावर नसतं, म्हणून फक्त त्याच आशेवर राहू नका.
3. विकलं गेलं नाही तर सगळं काढा, भोकं बुजवा, तोट्यांना टोपणं लावा. शेगडीची जोडणी सोडवायलाही इलेक्ट्रिशियनच बोलवा.
4. चावी देताना 'युबरगाबेप्रोटोकोल', म्हणजे ताबा-नोंद, दोघांच्या सहीनं करा. घर ताब्यात घेतानाही ती केलेली असावी: ओट्यावरचे सुरीचे चरे, काचेवरचे ओरखडे, दारांचे सैल बिजागर सगळं फोटोसह. आधीची नोंद नसेल तर आधीच्याचे चरेही तुमच्या नावावर चढतात.

थोडक्यात क्रम

- सहीआधी: मालकी, दुरुस्ती, जाताना काय, हे तीन मुद्दे लेखी.
- चावीच्या दिवशी: फोटो, ताबा-नोंद, माप.
- पहिला आठवडा: विमा, तात्पुरती शेगडी, सिंक आणि भाडेकरू संघ.
- पहिला महिना: जुनं की नवं, हा निर्णय. तोही राहण्याच्या वर्षांचा हिशेब करून.

परदेशातलं पहिलं वर्ष एरवीही कठीण असतं. भाषा नवी, थंडी नवी, माणसं नवी. अशा वेळी दिवसातून एकदा घरचं गरम जेवण मिळालं तर माणूस टिकून राहतो. म्हणून स्वयंपाकघराच्या खर्चाला उधळपट्टी समजू नका. फक्त तो खर्च दुसऱ्याच्या घाईनं नाही, तुमच्या हिशेबानं होऊ द्या.